आकाशात नऊ तास, जमिनीवर साडेदहा

पुण्याहून फ्रँकफर्ट किती लांब, असे विचारले तर दोन उत्तरे मिळतात. नकाशाचे उत्तर किलोमीटरमध्ये असते: सुमारे ६,६९०. चाकणच्या कारखान्यात काम करणारा इंजिनिअर मात्र तासांत बोलतो, आणि त्याचे तास कधी सोळा असतात, कधी वीस, तर कधी ‘घाटात काय चाललंय त्यावर’ अवलंबून असतात. पहिले उत्तर कधीच बदलत नाही. दुसरे रोज बदलते आणि उद्योगाला, नोकरदाराला, परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना भुर्दंड पडतो तो या दुसऱ्याचाच. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात विमानतळाचा विषय निघाला की गाडी थेट ‘आपल्याकडून युरोपला विमान कधी?’ या प्रश्नावर येऊन थांबते. प्रश्न रास्त आहे. पण प्रवासातला वेळ नेमका कुठे जातो आणि त्यातला कोणता वेळ वाचवणे आपल्या हातात आहे, याचा हिशेब आधी मांडला, तर मागणीही नेमकी होईल.

हा हिशेब याच पट्ट्याने मांडायला हवा, याला कारण आहे. पिंपरी-चिंचवडला १९६०च्या दशकात औद्योगिक वसाहत आली तेव्हापासून इथल्या कारखान्यांचे धागे परदेशाशी जुळलेले आहेत. चिंचवडला एसकेएफ, दापोडीला सँडविक, अल्फा लावल आणि अ‍ॅटलास कॉप्को, म्हणजे स्वीडिश कंपन्यांची मोठी मांदियाळीच. मर्सिडीज-बेंझने १९९०च्या दशकात पिंपरीत टेल्कोच्या आवारात सुरुवात केली आणि २००९मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना उभारला. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना सुरू झाला. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. स्टुटगार्ट, वोल्फ्सबर्ग, गोथेनबर्ग, सोल ही नावे या भागातल्या शिफ्टच्या बोलण्यात सहज येतात. नवे मॉडेल येते तेव्हा तिकडचे तंत्रज्ञ महिनोन् महिने इथे मुक्काम ठोकतात आणि इथले तिकडे जातात. लाइन अडली तर एखादा सुटा भाग माणसाच्या हातात देऊन विमानाने मागवला जातो, कारण थांबलेल्या लाइनच्या खर्चापुढे तिकिटाचे पैसे किरकोळ ठरतात. अशा ठिकाणी प्रवासाचा वेळ हा थेट ताळेबंदात उतरणारा आकडा असतो.

आधी अंतराकडे पाहू. दोन विमानतळांमधले अंतर म्हणून जो आकडा सांगितला जातो तो पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग असतो. भूगोलाच्या पुस्तकात त्याला बृहद्वृत्त म्हणतात. शाळेतल्या पृथ्वीगोलावर पुणे आणि फ्रँकफर्ट यांच्यावर बोट ठेवून मध्ये दोरा ताणून धरला, की तो मार्ग दिसतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मात्र तोच दोरा उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखा वाटतो आणि विमान उगाच वळसा घालते आहे असा भास होतो. प्रत्यक्षात सपाट नकाशावर पट्टीने आखलेली सरळ रेघच लांबची. पुणे-फ्रँकफर्टच्या बाबतीत ती सुमारे सव्वाशे किलोमीटरने जास्त भरते. अंतर वाढत जाते तसा हा फरकही वाढतो. जानेवारी २०२१मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली एअर इंडियाच्या सर्व महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला विमान आणले ते उत्तर ध्रुवावरून. जवळपास १४ हजार किलोमीटरच्या त्या प्रवासात जवळची वाट तीच होती.

पुणे-फ्रँकफर्टचा हा दोरा कोणकोणत्या देशांवरून जातो, हे पाहिले की अंतराचे गणित आणि राजकारण यांची गाठ पडते. गुजरात ओलांडून तो सिंध-बलुचिस्तानात शिरतो, तिथून इराण, मग कास्पियन समुद्राच्या काठाने अझरबैजान, कॉकेशसचा डोंगराळ भाग, काळा समुद्र, युक्रेनमधले ओडेसा आणि मध्य युरोप करत जर्मनीत उतरतो. जवळची वाट म्हणावी तर हीच, आणि आजच्या जगात चालायला अवघड वाट म्हणावी तरी हीच. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. भारतानेही तसेच उत्तर दिले. बालाकोटनंतर २०१९मध्येही पाकिस्तानचे आकाश फेब्रुवारी अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत असेच बंद होते. जून २०२५मध्ये इस्राएल-इराण युद्धात इराणचेही आकाश काही काळ मिटले.

त्यामुळे गोलावरचे ६,६९० किलोमीटर हे फक्त किमान अंतर. प्रत्यक्षात विमान किती उडेल, हे त्या आठवड्यात कोणाचे आकाश उघडे आहे त्यावर ठरते. मुंबई-पुण्याच्या बाजूने एक समाधान एवढेच, की इथून निघालेले विमान अरबी समुद्रावरून आखाताकडे वळू शकते, त्यामुळे त्याला बसणारा फेरा तुलनेने सौम्य असतो. दिल्लीला ती सोय नाही. पाकिस्तान टाळायचा तर तिथल्या विमानाला आधी दक्षिणेकडे उतरून मग पश्चिमेला वळावे लागते. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली, तेव्हा दिलेल्या कारणांत हे बंद आकाशही होते.

दुसरा घटक वाऱ्याचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे, ज्यांना जेट प्रवाह म्हणतात, हिवाळ्यात विशेष जोरात असतात. युरोपातून येणाऱ्या विमानाला ते मागून ढकलतात, जाणाऱ्याला समोरून अडवतात. समजा विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वारा सरासरी ताशी १०० किलोमीटर आहे. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग पडतो ८०० आणि ६,६९० किलोमीटरला लागतात आठ तास वीस मिनिटे. येताना तोच वेग होतो १,००० आणि तेच अंतर सहा तास चाळीस मिनिटांत कापले जाते. वारा नसता तर दोन्हीकडे सात तास पंचवीस मिनिटे लागली असती. बारकाईने बेरीज केली तर दिसेल, की जाताना वाऱ्याने जेवढा वेळ खाल्ला तेवढा येताना परत दिलेला नाही. दोन्ही फेऱ्या मिळून दहा-बारा मिनिटांचा तोटाच आहे. विमान कंपन्या तिकिटावर छापतात तो वेळ याहून मोठा असतो. विमान फलाटावरून हलल्यापासून दुसऱ्या फलाटावर थांबेपर्यंतचा तो वेळ. धावपट्टीपर्यंतचे रांगणे, उतरण्यासाठी आकाशात घातलेल्या घिरट्या आणि उशिरासाठी राखलेली पदरची थोडी मिनिटे, सगळे त्यात धरलेले असते. म्हणून मुंबईहून फ्रँकफर्टला जाताना सुमारे नऊ तास दाखवतात आणि येताना आठाच्या आसपास.

तिकीट पाहणाऱ्याचा गोंधळ होतो तो घड्याळामुळे. भारत आणि जर्मनीच्या वेळेत हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो आणि मार्च अखेरपासून ऑक्टोबर अखेरपर्यंत साडेतीन तासांचा, कारण तिकडे घड्याळे पुढेमागे करतात आणि आपण करत नाही. हिवाळ्यात मुंबईहून पहाटे तीनला निघालेले विमान फ्रँकफर्टला सकाळी साडेसातला पोहोचते. कागदावर साडेचार तास, खुर्चीत नऊ. परतीचे विमान दुपारी एकला निघून मुंबईत रात्री दीडला उतरते. कागदावर साडेबारा तास, खुर्चीत आठ. युरोपची बहुतेक विमाने मुंबईहून अपरात्री का सुटतात, याचे उत्तरही यातच आहे. फ्रँकफर्टला सकाळी पोहोचले की पुढची जोड-विमाने मिळतात आणि प्रवाशाला तिथला कामाचा अख्खा दिवस हाती लागतो. त्या सोयीची किंमत निगडी-प्राधिकरणातले कुटुंब मोजते. पहाटे तीनच्या विमानासाठी संध्याकाळी सातला कॅब दाराशी उभी असते.

आता या हिशेबातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आकाशातला वेळ गेल्या साठ वर्षांत कमी झालेला नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे पंख्याचे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला गेले. १९६०मध्ये एअर इंडियाने बोइंग ७०७ जेट विमाने आणली आणि युरोप एकदम जवळ आला. तेव्हापासून आजपर्यंत विमाने मोठी झाली, शांत झाली, कमी इंधनात जास्त लांब जाऊ लागली, थांबे गेले. पण त्यांचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपासच राहिला. आवाजापेक्षा वेगवान कॉन्कॉर्ड आले आणि २००३मध्ये निवृत्तही झाले. इंधनाचे गणित वेगाच्या विरोधात आहे आणि नजीकच्या काळात ते बदलण्याची चिन्हे नाहीत. म्हणजे पुणे-फ्रँकफर्टच्या प्रवासातले आकाशातले आठ-नऊ तास आपण गृहीतच धरायचे. कमी व्हायचा तर वेळ जमिनीवरचाच कमी होईल.

तो किती आहे? चाकणच्या कारखान्याच्या गेटपासून स्टुटगार्टच्या कारखान्याच्या गेटपर्यंतचा एक ढोबळ हिशेब करू. चाकणहून मुंबईचा विमानतळ साधारण दीडशे किलोमीटरवर आहे. रस्ता मोकळा असेल तर तीन तासांत पोहोचता येते, पण मोकळ्या रस्त्याच्या भरवशावर कोणी विमान धरत नाही. तळेगाव-चाकण रस्त्यावरचे कंटेनर, बोरघाटातला एखादा बंद पडलेला ट्रक आणि मुंबईत शिरतानाची गर्दी, हे सगळे धरून पाच तास हाताशी ठेवावे लागतात. त्यात विमानतळावरचे तीन तास मिळवा. मग नऊ तासांचे उड्डाण. फ्रँकफर्टला इमिग्रेशन आणि सामानासाठी एक तास. तिथल्या विमानतळाच्या आवारातच १९९९पासून लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्थानक आहे, त्यामुळे गाडीची वाट पाहण्यासकट स्टुटगार्ट दीड तासात. बेरीज साडेएकोणीस तास. त्यातले नऊ आकाशातले, साडेदहा जमिनीवरचे. फ्रँकफर्ट ते स्टुटगार्ट हे अंतर चाकण-मुंबईपेक्षा जास्त असूनही त्याला दीड तास पुरतो आणि आपल्या टोकाला पाच तास राखून ठेवावे लागतात. दोन शहरांमधले खरे अंतर कुठे साचले आहे, हे यावरून कळते.

मग पुण्याच्या लोहगाव विमानतळावरूनच विमान का नाही? चाकणहून लोहगाव तीसेक किलोमीटर. तिथून थेट उड्डाण असते तर वरच्या हिशेबातले साडेतीन तास सहज वाचले असते आणि एकूण प्रवास सोळा तासांवर आला असता. यात अडचण प्रवाशांच्या संख्येपेक्षा धावपट्टीची जास्त आहे. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. सुखोई विमानांची तिथे वस्ती आहे आणि नागरी वाहतूक त्याच एका धावपट्टीवर, हवाई दलाच्या नियंत्रणाखाली चालते. ही धावपट्टी २,५३५ मीटर लांब आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे ३,४५० मीटर, नवी मुंबईची ३,७०० आणि फ्रँकफर्टच्या मोठ्या धावपट्ट्या ४,००० मीटर लांबीच्या आहेत.

लांबीचा प्रश्न इंधनापाशी येतो. लांब जायचे तर इंधन जास्त, इंधन जास्त तर वजन जास्त, आणि वजन जास्त तर जमीन सोडण्यासाठी लागणारी धावही जास्त. त्यात पुण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर उंचीवर. उन्हाळ्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हवा आणखी विरळ होते. हवेची घनता पाहिली तर विमानाच्या दृष्टीने त्या वेळी लोहगाव दीड हजार मीटरहून उंच ठिकाणी असल्यासारखे असते, म्हणजे जवळपास कळसूबाईच्या माथ्याशी बरोबरी. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांचा जोरही कमी पडतो आणि धाव लांबते. पट्टी तेवढी नसेल तर वजन कमी करावे लागते: एकतर इंधन कमी, नाहीतर प्रवासी आणि माल कमी. पहिले केले तर विमान पोहोचत नाही, दुसरे केले तर कंपनीला परवडत नाही.

यातून मार्ग काढण्याचा प्रयत्न झालेला आहे आणि तो विसरता कामा नये. २००८मध्ये लुफ्थान्साने पुणे-फ्रँकफर्ट सेवा सुरू केली. प्रायव्हेटएअर या स्विस कंपनीचे छोटे विमान त्यासाठी वापरले. सुरुवातीला त्यात फक्त बिझनेस क्लासच्या मोजक्या खुर्च्या होत्या. मोठे विमान पट्टीला पेलत नव्हते, म्हणून लहान विमानात कमी माणसे बसवून जास्त भाडे घ्यायचे, असे ते गणित. चाकणमध्ये जर्मन गुंतवणूक येत होती त्याच काळातली ही गोष्ट, त्यामुळे प्रवासी कोण होते हे वेगळे सांगायला नको. पुढे प्रायव्हेटएअर डिसेंबर २०१८मध्ये बंद पडली, आणि आज पुण्याहून युरोपला थेट विमान नाही. या सेवेने दोन गोष्टी दाखवून दिल्या. मागणी आहे, ही एक. आणि अपुऱ्या धावपट्टीवर उभी केलेली सेवा फक्त महागड्या तिकिटांच्या आणि एखाद्या कंपनीच्या आधारावर फार काळ टिकत नाही, ही दुसरी. आता एअरबसने एका मार्गिकेची पण लांब पल्ल्याची ए३२१ एक्सएलआर विमाने आणली आहेत आणि इंडिगोने ती मागवलीही आहेत. त्यांचा पल्ला फ्रँकफर्टला पुरून उरणारा आहे. मात्र भरल्या टाकीचे विमान मे महिन्याच्या उन्हात लोहगाववरून उचलायचे, तर पट्टीचा प्रश्न पुन्हा समोर येतोच.

धावपट्टी वाढवण्याचा प्रस्ताव बरीच वर्षे चर्चेत आहे. त्याला जमीन लागते, आजूबाजूच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा येतात आणि काम चालू असताना वाहतूक बंद ठेवावी लागते. ऑक्टोबर २०२१मध्ये केवळ डांबरीकरणाच्या कामासाठी विमानतळ १४ दिवस पूर्ण बंद होता, हे पुणेकरांना आठवत असेल. नवे टर्मिनल जुलै २०२४मध्ये सुरू झाले आणि गर्दीला ऐसपैस जागा मिळाली, हे चांगलेच झाले. पण टर्मिनलने प्रवासी सांभाळले जातात, विमानाचा पल्ला ठरतो धावपट्टीने. नव्या टर्मिनलच्या फोटोंवरून युरोपच्या विमानाची अपेक्षा करणे म्हणूनच चुकीचे आहे.

थेट विमान नसले तरी पर्याय अगदीच वाईट नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पुणे-दुबई सुमारे २,०५० किलोमीटर आणि दुबई-फ्रँकफर्ट सुमारे ४,८५०. एकूण ६,९००. थेट मार्गापेक्षा फक्त दोनशे किलोमीटर जास्त, म्हणजे दुबई जवळजवळ वाटेवरच आहे. दिल्लीमार्गे गेले तर अंतर ७,३००च्या घरात जाते. दुबईमार्गे खरा वेळ जातो तो थांब्यात. जोड-विमान दोन-तीन तासांत मिळाले तर एकूण प्रवास मुंबईमार्गे लागतो तेवढ्याच वेळात, फार तर तासभर जास्त घेऊन होतो, आणि घाट टळतो. ज्याला वोल्फ्सबर्गला जायचे आहे त्याला फ्रँकफर्टचे थेट विमान मिळाले तरी पुढे रेल्वेने तीनेक तास आहेतच. त्यापेक्षा हॅनोव्हरपर्यंत जोडणी मिळाली तर त्याला ती अधिक सोयीची. पूर्वेकडच्या प्रवासासाठी विस्तारा या विमान कंपनीने डिसेंबर २०२२मध्ये पुण्याहून सिंगापूर सेवा सुरू केली होती. सिंगापूरचे अंतर ३,८०० किलोमीटर असल्याने ते लोहगावच्या पट्टीला झेपते. चार हजार किलोमीटरच्या आतली दुबई, अबू धाबी, दोहा, सिंगापूर, बँकॉक अशी जोडकेंद्रे पुण्याला पुरेशा आणि सोयीच्या वेळच्या विमानांनी जोडणे, हे लांब धावपट्टीची वाट न पाहता आजही करता येण्यासारखे काम आहे. प्रसिद्धी मात्र नेहमी एका थेट विमानाच्या घोषणेला मिळते.

मालाचा हिशेबही याला जोडूनच आहे. न्हावाशेवाहून उत्तर युरोपात जहाजाने माल जायला सुएझमार्गे तीन-चार आठवडे लागत. २०२३च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बहुतेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि त्यात दहा ते चौदा दिवसांची भर पडली. समुद्राची वाट लांबली की तातडीचा माल विमानाकडे वळतो. विमानाचा बराचसा माल प्रवासी विमानांच्याच पोटात जातो. त्यामुळे पुण्याला मोठे विमान नाही याचा अर्थ मालालाही मुंबईचाच रस्ता. चाकणचा खोका आकाशात जाण्याआधी त्याच तळेगाव रस्त्यावर, त्याच कंटेनरच्या रांगेत उभा राहतो.

विमानतळाचा जुना इतिहास चाकणकरांना ठाऊक आहे. पुण्याचा नवा विमानतळ चाकण-राजगुरुनगर भागात व्हायचा होता. जागा पाहिल्या गेल्या, शेतकऱ्यांनी विरोध केला, आसपासच्या डोंगरांचा अडथळा निघाला आणि २०१६मध्ये पुरंदरची निवड झाली. आता वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांत भूसंपादनाचा विषय आहे. २०२५मध्ये तिथेही विरोध उफाळून आला. अंजीर आणि सीताफळाच्या बागा असलेला हा टापू. जमीन देणाऱ्यांचा मोबदला आणि पुनर्वसन हा या प्रकल्पाचा पहिला हिशेब आहे आणि तो चुकता कामा नये. औद्योगिक पट्ट्याच्या दृष्टीने मात्र आणखी एक प्रश्न उरतो. चाकणहून पुरंदर साठ-सत्तर किलोमीटर आणि मध्ये अख्खे पुणे शहर. वर्तुळाकार रस्ता आणि त्याला जोडणारी सार्वजनिक वाहतूक विमानतळाआधी तयार झाली नाही, तर चार किलोमीटरची धावपट्टी असूनही चाकणच्या माणसाला पुरंदरपेक्षा नवी मुंबईच सोयीची पडेल.

आणि नवी मुंबई आता प्रत्यक्षात आलेली आहे. ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. द्रुतगती महामार्ग जिथे संपतो त्या कळंबोलीपासून हा विमानतळ अगदी जवळ. चाकणहून अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. मुंबई शहरात शिरण्याचा सर्वांत बेभरवशाचा टप्पाच त्यातून गळून पडतो. येत्या पाच-सात वर्षांत या पट्ट्याचा लांब पल्ल्याचा विमानतळ कोणता, याचे उत्तर लोहगाव किंवा पुरंदर यांपेक्षा नवी मुंबई असण्याची शक्यता अधिक आहे. ते मान्य केले तर धोरणाचा रोखही बदलतो.

काय करायला हवे? पहिली गोष्ट, विमानतळांचे निर्णय ‘गेटपासून गेटपर्यंत’ लागणाऱ्या वेळावर तपासले जावेत. कोणत्या प्रकल्पावर किती कोटी खर्चून चाकण, तळेगाव, भोसरी आणि हिंजवडीच्या प्रवाशाचे किती तास वाचणार, हे आकडे जाहीर व्हावेत. दुसरी, तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता आणि नाशिक फाटा ते राजगुरुनगर हा महामार्ग ही स्थानिक कोंडीची कामे म्हणून न पाहता विमानतळाकडे जाणारे रस्ते म्हणून पाहावीत. तिसरी, नवी मुंबईसाठी चाकण, तळेगाव, निगडी आणि वाकडहून रात्रभर विमानांच्या वेळांना धरून थेट बस असावी. एकेका प्रवाशामागे एक कॅब घाटात पाठवणे पैशांनीही महाग आहे आणि रस्त्यालाही जड. चौथी, लोहगावच्या धावपट्टीचा निर्णय हवाई दल, विमानतळ प्राधिकरण आणि राज्य सरकार यांनी तारखेसह सांगावा. वाढवायची असेल तर कधीपर्यंत, नसेल तर तसे स्पष्ट, म्हणजे उद्योगांना आपले नियोजन करता येईल. पाचवी, लोहगावपर्यंत पोहोचणे सोपे व्हावे. पिंपरीहून मेट्रोने सिव्हिल कोर्टला गाडी बदलून रामवाडीपर्यंत जाता येते, पण विमानतळ त्याच्या पुढे काही किलोमीटरवर राहतो. बॅगा घेतलेल्या माणसाला शेवटचे तेवढे अंतरच सर्वांत लांब वाटते.

यावर असा आक्षेप येईल, की जागतिक दर्जाच्या उद्योगनगरीला स्वतःचा जागतिक विमानतळ हवाच, दुसऱ्याच्या विमानतळावर किती दिवस काढायचे? आक्षेपात तथ्य आहे. पण वोल्फ्सबर्गजवळही आंतरखंडीय विमानांचा तळ नाही आणि तरीही तिथला कारखाना जगभर पोहोचतो, कारण फ्रँकफर्टपर्यंत रेल्वेने तीनेक तासांत पोहोचता येते. शहराची प्रतिष्ठा आपल्या नावाच्या विमानतळाने वाढत असेल. कारखान्याचे काम मात्र वेळेच्या खात्रीने चालते. तीन तासांचा प्रवास नक्की तीन तासांत होणार असेल, तर दीडशे किलोमीटरवरचा विमानतळही आपलाच. तो तीनाचा सहा कधी होईल हे सांगता येत नसेल, तर शेजारचा विमानतळही परका.

पुणे आणि फ्रँकफर्टमधले ६,६९० किलोमीटर कोणी कमी करू शकत नाही. हिवाळ्यातला पश्चिमेचा वारा कोणाला थोपवता येत नाही, आणि कोणत्या देशाचे आकाश कधी उघडे असेल हे पिंपरीत ठरत नाही. तळेगाव-चाकणचा रस्ता, नवी मुंबईची बस आणि लोहगावच्या धावपट्टीची तारीख मात्र महाराष्ट्रात आणि दिल्लीत, आपणच निवडून दिलेल्या लोकांच्या हाती आहे. जमिनीवरच्या साडेदहा तासांतले आपल्या टोकाचे आठ तास त्यांच्या कारभाराखाली येतात. विमानतळाची पुढची मागणी त्या आठ तासांचा हिशेब मागणारी असावी.